माझदा एमएक्स-५साठी पोलादी जाळीचे ब्रेक होज

१९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ या माझदाच्या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये घरच्या घरी काही बदल करायचाच असेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक होजचा (ब्रेक ऑइल चाकांच्या ब्रेकपर्यंत नेणाऱ्या लवचिक नळ्यांचा) हा संच बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने रबरी होज दाबाखाली किंचित फुगतात आणि पेडल मऊ लागते. टेफ्लॉनच्या नळीवर स्टेनलेस स्टीलची जाळी विणलेल्या या होजमुळे ते घट्ट व नेमके जाणवते. साध्या पान्याने नटच्या कडा झिजतात, म्हणून नटला जवळजवळ सर्व बाजूंनी पकडणारा फ्लेअर नटचा पाना हवाच, आणि रंगावर सांडलेले ब्रेक ऑइल तत्काळ पाण्याने धुवावे. माहितीपत्रक मात्र फारच अपुरे आहे: स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून होज चाकाला घासत नाही ना, हे तपासण्याची अत्यावश्यक सूचनाच त्यात नाही.