सायकलवर एक दिवस: मनोरी-गोराई की कान्हेरी?

मालाडच्या मार्वे जेट्टीवरून फेरीबोटीत सायकल चढवली की पाच-दहा मिनिटांत मनोरी. रस्ता बहुतेक सपाट, त्यामुळे साधी सिंगल-स्पीडही चालते. सकाळी उत्तरेला गोराईकडे निघावं; दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो, तो परतताना पाठीशी येतो. उलट केलंत तर सपाट रस्ताही चढ वाटतो. ओहोटीला जेट्टीच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, सायकल खांद्यावर घ्या. वाळूत तर नेऊच नका: वाळू आणि मीठ चेनमध्ये बसलं की आठवड्यात गंज. घरी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, मगच तेल. वाटेत गोराईचा विपश्यना पॅगोडा आहेच.

कान्हेरीला बोट नाही, पण दम लागतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य फाटकापासून सहा-सात किलोमीटर, शेवटचा टप्पा चढाचा, गिअर हवेतच. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. थांबून थांबून दाबा. शंभरावर लेणी, त्यांतलं तीन क्रमांकाचं चैत्यगृह चुकवू नका. लेण्यांचं तिकीट वेगळं. हँडलला खाऊची पिशवी लटकवली तर ती माकडांची. सोमवारी बंद.

गुडघे कुरकुरत असतील तर मनोरी. पावसाळ्यात मात्र कान्हेरीच.