खरवड की बायोप्सी?

रामबागेतल्या आत्याची किडनी बदलून ४ वर्षं झाली. मध्यंतरी गुलाबाचा काटा टोचला आणि आता बोटामागे सुपारीएवढी गाठ आहे. खाज नाही, दुखत नाही. डॉक्टरांना बुरशीचा संशय आहे; ते म्हणतात बायोप्सी, घरचे म्हणतात, ‘आधी नुसतं खरवडून बघू या.’ आतेभाऊ मधल्यामध्ये अडकलाय.

पैसा, वेळ, त्रास, तिन्हींत खरवड सरस. कातडीचा कोंडा काचपट्टीवर, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, निकाल बहुधा त्याच दिवशी.

पण बुरशी आहे कुठे? नायटा वरच्या थरात असतो. माती-लाकडातली काळी बुरशी काट्याबरोबर खोल जाते, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात तिथेच मुरते. वरचा कोंडा तिथे काय सांगणार? बायोप्सीत जागा बधिर करून ४ मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका. अहवाल काही दिवसांत, कल्चरला (बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला) मात्र ४ आठवडेही लागतात. एक गोष्ट बजावून सांगा: अर्धा तुकडा सलाइनमध्येच जायला हवा. तुकडा टिकवायच्या फॉर्मलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चर कशाचं करणार?

अंदाजपंचे गोळी सुरू करणं तर नकोच. इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी गोळीनं टॅक्रोलिमसची (नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची) रक्तातली पातळी चढते, म्हणजे किडनीवरच बेतायचं. टीव्हीवरची मलमं विसरा.

अंगावर गोल, खाजरा, कोंडा सुटणारा चट्टा असेल तर खरवड पुरे. आत्यासारखी गाठ, न भरणारी जखम, त्यात प्रत्यारोपण किंवा केमो चालू असेल, तर सरळ बायोप्सी.