सत्राचे ग्रेड काढायला गुगल शीट्स: माझ्याकडून पाचपैकी साडेचार

मी गणित शिकवते. दोन तिमाही आणि अंतिम परीक्षा यांच्या गुणांवरून सत्राचा निकाल लावायला आता मी फक्त गुगल शीट्स वापरते. आधी एक मोफत ग्रेड कॅल्क्युलेटर होता. दिसायला छान, पण अंतिम परीक्षेचा रकाना रिकामा ठेवला की तो चक्क शून्य धरायचा. पहिल्या तिमाहीत ८२, दुसरीत ९० आणि परीक्षा अजून व्हायची, अशा मुलाला त्याने ६८.८ दाखवले. तोवरच्या कामावर त्याचे ८६ होत होते. पोरगं रडकुंडीला आलं होतं, म्हणून मला त्या कॅल्क्युलेटरचा राग आहे.

शीटमध्ये वरच्या ओळीत वेटेज, म्हणजे निकालात कशाचा किती टक्के वाटा ते लिहायचं: दोन तिमाहींना ४०, ४० आणि परीक्षेला २०. खाली मुलांच्या ओळी. समप्रॉडक्ट हे फंक्शन प्रत्येक गुणाला त्याच्या वेटेजने गुणून बेरीज करतं, मग त्या बेरजेला वेटेजच्या बेरजेने भागायचं. रिकाम्या रकान्याचं वेटेज भागाकारात येऊ द्यायचं नाही, ते समइफने, म्हणजे अटीत बसणाऱ्या रकान्यांचीच बेरीज करणाऱ्या फंक्शनने जमतं. ८२, ९० आणि अंतिम परीक्षेत ७६ असतील तर ८४ येतात. तिन्हींची नुसती सरासरी काढली तर ८२.६७, आणि ते चूकच, कारण त्यात २० टक्क्यांची परीक्षा तिमाहीच्या बरोबरीला बसते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दशांश. दशांश कमी करायचं बटण दाबलं तरी फक्त दिसणं बदलतं, आतला आकडा पूर्ण राहतो. याचं महत्त्व बघा. ८६.५, ९१.५ आणि ९०.५ या गुणांचे सत्राला ८९.३ होतात, म्हणजे ८९. पण आधीच प्रत्येक आकडा राउंड केला, ८७, ९२, ९१, तर ८९.८ येतात आणि निकाल ९० होतो. जिथे ९० पासून ए ग्रेड सुरू होतो, तिथे एकाच मुलाचे दोन निकाल! राउंड करायचं ते अगदी शेवटी, एकदाच. तिमाहीच्या ग्रेडची अक्षरं (ए, बी) घेऊन सरासरी काढणं तर त्याहून वाईट. ८० आणि ८९ दोन्हींना बी ग्रेड, मधले नऊ गुण गेले कुठे?

मुलांना उलटं गणित फार आवडतं. तिमाहीत ८८ आणि ९१ असतील तर ७१.६ आधीच जमा. सत्राला ९० हवेत तर उरलेले १८.४ भागिले ०.२, म्हणजे परीक्षेत ९२. आकडा समोर दिसला की मुलं नेटाने अभ्यासाला लागतात.

अर्धा तारा कापला तो डॉलरच्या चिन्हासाठी, फॉर्म्युल्यातला ओळीचा संदर्भ जागेवर पक्का करणाऱ्या. वेटेजच्या ओळीला ते लावलं नाही तर फॉर्म्युला खाली ओढताना वेटेजही खाली सरकतं, आणि शीट काही सांगत नाही. नवख्या शिक्षकांनी पहिल्या दोन मुलांचे निकाल हाताने पडताळावेत. फोनवर हे काम करू नका, छोट्या पडद्यावर चुकीच्या ओळीत गुण भरले जातात.