सहाशे रुपयांचा स्कॅनर आणि दोन नंबरचं सिलिंडर

खंबाटकीच्या चढाला गाडी आचके द्यायला लागली आणि मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. दिवा नुसता पेटला तर घरी जाऊन बघू म्हणता येतं. लुकलुकला तर पेट्रोल न जळताच पुढे जातंय, त्याने धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून कामातून जातो. हे मला नंतर कळलं. तशीच रेटत साताऱ्याला आणली.

गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) आणि इंजेक्टर सफाई मिळून अकरा हजार सांगितले. उद्या सांगतो म्हणून निघालो आणि गाडीच्या बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा हा निळा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. ईएलएम ३२७ चिपच्या जातीचा, अर्थात चिनी नक्कल. ६०० रुपये.

भारतात ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपला बिघाड स्वतःच नोंदवून ठेवायची सोय, एप्रिल २०१३ पासून सक्तीची. माझी गाडी २०१४ची, त्यामुळे निर्धास्त होतो. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ सोळा पिनांचं सॉकेट सापडलं. डबी खोचली, चावी ऑन केली, ब्लूटूथ जोडायचा पिन १२३४ टाकला, फोनवर फुकटचं अ‍ॅप. कोड आला पी०३०२.

पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचं दुखणं. शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांचा सामाईक कोड. तीन म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं. शेवटचा दोन म्हणजे दोन नंबरचं सिलिंडर. ते पेट का घेत नाही, हे मात्र डबी सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, काहीही असेल. मग इंजिन गार झाल्यावर दहाच्या पान्याने दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारली. आता पी०३०३! म्हणजे दुखणं कॉइलबरोबर सरकलं. तेवढी एकच बदलली, अठराशेत काम झालं.

तक्रारी आहेत. कनेक्शन मध्येच तुटतं. एबीएस, एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत तरी वाचत नाही. बायकोच्या आयफोनला तर डबी दिसलीच नाही. आणि एक चूक माझी: कोड पुसायच्या आधी स्क्रीनशॉट काढायचा राहिला. बिघाडाच्या क्षणाचे आरपीएम, कूलंटचं तापमान असं सगळं त्याबरोबर पुसलं जातं.

पाचपैकी साडेतीन तारे. चार देणार होतो, पण डबी खोचलेलीच विसरून चार दिवस गावाला गेलो आणि परत आल्यावर बॅटरी उतरलेली. शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी धक्का मारून दिला.