क्रॉनिक फटीग आणि सिनसेच्या सुया: ७ महिन्यांनंतर

मी सिंगापूरला राहते. कोविडनंतर दीड वर्ष थकवा गेलाच नाही, म्हणजे भाजी चिरली तरी आडवं व्हायचं, आणि एखाद दिवशी बरं वाटलं म्हणून घर आवरलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ सगळं नॉर्मल (हे आधी तपासून घ्याच, अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया नंतर). शेवटी मैत्रिणीने सिनसेकडे नेलं. इथे चिनी वैद्यांना सिनसे म्हणतात, त्यांची सरकारी बोर्डाकडे नोंदणी लागते आणि ती ऑनलाइन बघता येते.

बाईंनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, मग जीभ, आणि म्हणाल्या प्लीहेची ‘ची’, म्हणजे चिनी वैद्यकातली प्राणशक्ती, कमी झालीये. ही सोनोग्राफीत दिसते ती प्लीहा नव्हे, खाल्लेलं पचून ताकद होण्याचं काम त्यांच्या शास्त्रात तिचं असतं, आपण अग्नी मंद म्हणतो त्याच्या जवळपासचं. सुया जेमतेम ७-८, अशक्त माणसाला जास्त टोचत नाहीत म्हणे. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं झूसानली नावाचा पॉइंट आहे, तिथे दुखत नाही पण जड, ठणकल्यासारखं होतं.

खरं सांगू, पहिला महिना मी जास्तच खचले. सुयांमुळे नाही, एमआरटीने (इथली मेट्रो) तासभर जायचं यायचं त्याने! बाईंना सांगितल्यावर त्यांनी आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी बोलावलं आणि तिथून पुढे जरा जमायला लागलं.

मला सगळ्यात आवडला तो मोक्सा. वाळलेल्या पाल्याची कांडी पेटवून त्वचेजवळ नुसती धरतात, टेकवत नाहीत. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली, जोतिबाला वाहतात तो दवणा. त्या रात्री झोप गाढ लागते, आणि माझ्या मते मला जो काय फरक पडला तो झोपेमुळेच. कपिंगने (त्वचेवर पेले चिकटवून ओढ देतात) खांदे मोकळे झाले, थकव्याला काही नाही, डाग मात्र आठवडाभर.

औषध बू झोंग यी ची तांग, तेराव्या शतकातल्या ली दोंगयुआन यांचा काढा, आता दाणेदार पावडर गरम पाण्यात ढवळून घ्यायची. त्यात ज्येष्ठमध असतं, माझं बीपी चढायला लागलं म्हणून डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यात थांबवलं. बीपीवाल्यांनी आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात सुरू करू नका.

आता सलग दोन तास काम होतं, आधी चाळीस मिनिटं व्हायचं. जास्त केलं तर अजूनही पडतेच. पॅकेज घेतलं नाही, महिन्यातून एकदा फक्त मोक्साला जाते.