बोर्दोच्या वाईन टूरचे पैसे भरण्याआधी हे वाचा

आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक जाहिरात पुन्हा फिरते आहे. फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत मुक्काम, तज्ज्ञाबरोबर वाईन टेस्टिंग, रोज रात्री फाइन डायनिंग. फोटो तेच आहेत, मजकूरही जवळपास तोच, फक्त कंपनीचं नाव बदललंय. ही जाहिरात देणाऱ्या टूरवाल्याबरोबर आम्ही फ्रान्समधल्या बोर्दोला जाऊन आलो आहोत. काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण दोन-तीन ओळखीच्यांनी आगाऊ रक्कम भरल्याचं कालच कळलं.

बोर्दोचंच आकर्षण का, हे बागायतदाराला सांगायला नको. माझ्या वडिलांनी आयुष्यभर मोरचूद आणि चुना कालवून बागेवर मारला. ते बोर्डो मिश्रण तिथलंच. बोर्दोजवळच्या मेदॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींचे घड वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून मालक त्यांच्यावर मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडत. डावणी या बुरशीच्या रोगाने मळे उजाड होत असताना नेमक्या त्याच वेलींची पानं टिकलेली मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी १८८२ साली पाहिली आणि १८८५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. ती माती डोळ्यांनी बघायची, एवढी साधी इच्छा होती. बायकोला आणि मेहुणीला तिथल्या जेवणाचं कुतूहल होतं. ग्रुपमध्ये सिन्नरकडचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई होत्या. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी त्यांनी मुदत ठेव मोडली होती.

माहितीपत्रकात काय होतं ते आधी सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. ‘तीन ग्रँ क्रू शातोंना भेट’, ‘मिशलिन रेस्तराँमध्ये जेवण’, ‘द्राक्षमळ्यांच्या सान्निध्यात मुक्काम’, ‘अनुभवी वाईन तज्ज्ञ’. शातो म्हणजे वाईनचा मळा, ग्रँ क्रू म्हणजे वरच्या दर्जाचा, आणि मिशलिन ही चांगल्या रेस्तराँना तारे देणारी मार्गदर्शिका. वर मेदॉकमधल्या प्रसिद्ध शातो मार्गोच्या खांबांच्या इमारतीचा मोठा फोटो. मी नावं विचारली होती. “दादा, तुम्ही टेन्शन घेऊ नका, सीझनप्रमाणे शातो थोडे बदलतात, पण क्वालिटी तीच,” असं उत्तर आलं. पैसे तीन हप्त्यांत घेतले, त्यातला मोठा हप्ता रोख. टीसीएस (परदेशी टूरवर आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) म्हणून माणशी रक्कम वेगळी.

‘मळ्यांच्या सान्निध्यातला मुक्काम’ म्हणजे बोर्दो शहराच्या बाह्यवळण रस्त्यालगतचं हॉटेल. खिडकीतून ट्रकचं गोदाम दिसायचं. तज्ज्ञ म्हणून आला तोच गाडी चालवायचा. शातो मार्गोच्या फाटकाबाहेर गाडी थांबवली, फोटो काढा म्हणाला, आणि निघालो. अशा नावाजलेल्या ठिकाणी आधी वेळ ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि काढणीच्या हंगामात तर बऱ्याच ठिकाणी भेटी बंदच असतात. आम्हाला नेलं होतं ऐन सप्टेंबरअखेर, मेर्लो जातीच्या द्राक्षांची तोडणी चालू असताना. ‘काढणीत प्रत्यक्ष सहभाग’ असं पत्रकात लिहिलं होतं. कात्री कुणाच्या हातात आली नाही.

पहिल्या ‘शातो’त एक लांबलचक शेड होती आणि पुढे विक्रीचं दुकान. गाइडने आम्हाला मागच्या ओळींत नेऊन सांगितलं की या वेली शंभर वर्षांच्या आहेत. आमच्यापैकी निम्मे लोक वेली लावण्यात म्हातारे झालेले. मी खाली बसून पाहिलं. खोड अंगठ्याएवढं, कलमाचा सांधा अजून ठळक, बाजूची आधाराची काठी कोरी. तीन-चार वर्षांची बाग असावी. आमचे एक काका मराठीतच म्हणाले, “हा आपल्याला कांदेवाला समजतोय का?” शंभर वर्षांच्या वेलीचं खोड पिळवटलेलं, जाडजूड असतं, सालीच्या चिंध्या सुटलेल्या असतात. तशा वेली बोर्दोत पुढे आम्ही पाहिल्यासुद्धा, पण त्या दुसरीकडे, स्वतःच्या खर्चाने.

मग टेस्टिंग. आम्ही पोचायच्या आधीच ग्लास भरून ठेवलेले, उरलेली वाईन काचेच्या चंबूत. बाटली कुठेच दिसत नव्हती. गाइड कागदावरून वाचत होता: ही पोइयाकची, ही सेंट-एमिलियॉनची (ही बोर्दोतली वाईनसाठी नावाजलेली गावं), हिला चेरीचा गंध, हिला तंबाखूचा. तिन्हींचा रंग आणि चव इतकी सारखी होती की मेहुण्याने दोन ग्लासांची अदलाबदल केली तरी कुणाला फरक कळला नाही. बायकोने बाटली बघायला मागितली, तर ‘सर्व्हिस संपल्यावर’ असं सांगितलं. हात धुवायला म्हणून मी मागे गेलो. तिथे क्रेटमध्ये रिकाम्या बाटल्या होत्या. सगळ्या एकाच लेबलच्या. त्यावर पोइयाक नव्हतं, सेंट-एमिलियॉनही नव्हतं, नुसतं ‘बोर्दो’ होतं, म्हणजे त्या अख्ख्या प्रदेशाचा सर्वसाधारण दर्जा. ‘मीझाँ बुतेय ओ शातो’, म्हणजे मळ्यावरच बाटलीबंद केल्याची ओळ, कुठेही नव्हती. बाटलीच्या तोंडावरच्या टोपणावर मारियानच्या, म्हणजे फ्रान्सचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, मुखवट्याचा गोल शिक्का असतो, त्यात अक्षर असतं. ‘आर’ असेल तर वाईन पिकवणाऱ्या शेतकऱ्याची, ‘एन’ असेल तर व्यापाऱ्याची. इथे ‘एन’ होतं. हा शिक्का २०१९ पासून सक्तीचा नाही, त्यामुळे तो नसला म्हणजे लगेच संशय घेऊ नका; पण ‘आमच्या मळ्यातली’ म्हणून पाजतात आणि शिक्का व्यापाऱ्याचा, हे जुळत नाही. मी फोटो काढले. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच झाला.

टेस्टिंगनंतर लगेच विक्री. सहा बाटल्यांची पेटी, ‘नाशिकला घरपोच, ड्यूटीसकट’. तेव्हा बाहेरून येणाऱ्या वाईनवर भारतात १५० टक्के आयात शुल्क होतं, शिवाय राज्याचा उत्पादन शुल्क विभाग आहेच. सांगितलेल्या किमतीत हे बसूच शकत नव्हतं. परतताना माणशी २ लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, तेवढी बॅगेत घालून आणायला कुणाची ना नसती. मास्तरांनी दोन्ही मुलींसाठी पेट्या घेतल्या. त्या आजतागायत आल्या नाहीत. ज्यांनी कार्डने पैसे दिले त्यांना बँकेकडे वाद नोंदवून परत मिळाले. मास्तरांनी रोख युरो दिले होते.

जेवणाचं तर लिहितानाही चीड येते. मिशलिनच्या मार्गदर्शिकेत तारांकित रेस्तराँ असतात तशी तारा नसलेलीही शेकडो असतात, आणि कुठलं कशात आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. आम्हाला नेलं तिथे दारावर कुठल्या तरी जुन्या वर्षाची लाल पाटी होती. चालू यादीत ते नावच नव्हतं. फ्रान्समध्ये ताज्या मालापासून तिथल्याच स्वयंपाकघरात केलेल्या पदार्थांसाठी २०१४ पासून ‘फे मेझाँ’ अशी खूण आहे, छपराखाली पातेल्याचं चित्र. मेन्यूवर ती एकाही पदार्थापुढे नव्हती. स्वयंपाकघराचं दार उघडलं की मायक्रोवेव्हची शिट्टी ऐकू यायची. शाकाहारी मंडळींचं सगळं आधी लेखी कळवलेलं होतं. बाईंच्या पुढ्यात उकडलेल्या फरसबीच्या शेंगा आणि सॅलडची पानं आली, तीन वेगवेगळ्या रात्री तेच. चाळिसाव्या वाढदिवसाच्या रात्रीसुद्धा. बाई काही बोलल्या नाहीत, पण मास्तरांचा चेहरा मला विसरता येत नाही.

वर गाइडने दर जेवणाला १५ टक्के सर्व्हिस आणि पाण्याचे वेगळे पैसे रोखीने गोळा केले. हे नक्की लक्षात ठेवा: फ्रान्समधल्या हॉटेलांत मेन्यूवरच्या किमतीत कर आणि सर्व्हिस धरलेली असते, १९८७ पासून तसा नियमच आहे. जेवणाबरोबर ‘काराफ दो’ मागितलं की नळाचं साधं पाणी फुकट द्यावं लागतं. आम्ही दुसऱ्या रात्रीपासून बिल मागायला लागलो, तेव्हा सर्व्हिस आपोआप बंद झाली.

परत आल्यावर टूरवाल्याला विचारलं तर उत्तर तयार होतं: “ग्रँ क्रू सांगितलं होतं, ग्रँ क्रूच दाखवलं.” नेमका इथेच नवख्या माणसाला गंडवतात. मेदॉकचं १८५५ चं प्रसिद्ध वर्गीकरण वेगळं, त्यात पाच श्रेणींत मिळून आज ६१ शातो आहेत आणि ‘ग्रँ क्रू क्लासे’ म्हणजे ते. सेंट-एमिलियॉनला मात्र ‘सेंट-एमिलियॉन ग्रँ क्रू’ हे एक सरसकट नामांकन आहे, जे शेकडो उत्पादक लावतात. तिथले निवडक, म्हणजे वर्गीकृत शातो २०२२ च्या यादीत ८५ आहेत आणि त्यांच्या लेबलवर ‘क्लासे’ हा शब्द असतो. पत्रकात तो शब्द मुद्दाम गाळला होता. शातो या शब्दानेही भुलू नका. बोर्दोत साध्या शेतघरालासुद्धा शातो म्हणतात.

आमचा पाठपुरावा टीसीएसपासून सुरू झाला. परदेशी टूर पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून हा कर टूरवाल्याने गोळा करून आपल्या पॅनवर जमा करायचा असतो, आणि तो आपल्या प्राप्तिकर नोंदींत (तेव्हा फॉर्म २६एएस) दिसतो. आमच्या सीएने पाहिलं, एकाच्याही नावावर रुपया नाही. तिकडच्या ज्या एजन्सीचं नाव व्हाउचरवर होतं तीही फ्रान्सच्या नोंदणी यादीत सापडली नाही. तिथे सहली विकणाऱ्याला ‘आतू फ्रान्स’ या संस्थेकडे नोंद करावी लागते, क्रमांक ‘आयएम’ने सुरू होतो आणि यादी कुणालाही बघता येते.

पावतीवर ‘सर्व वाद फक्त मुंबईच्या न्यायकक्षेत’ असं छापलं होतं. त्याला घाबरून दोघं मागे हटले, ते वाईट झालं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला तर मराठीतही माहिती मिळते. आम्ही नाशिकला तक्रार दाखल केली आहे.

बोर्दोबद्दल मात्र मनात राग नाही. शेवटच्या दिवशी आम्ही काहीजण गाइडला सोडून आगगाडीने सेंट-एमिलियॉनला गेलो. तिथल्या पर्यटन कार्यालयाने थोड्या युरोंत एका छोट्या कुटुंबाच्या मळ्यावर वेळ ठरवून दिली. त्या शेतकरीणबाईंनी आमच्यासमोर बूच काढलं, वर्ष आणि वेलींचं वय सांगितलं, यंदा डावणीने किती नुकसान केलं तेही सांगितलं. आम्ही फोनवर आमच्या बागेचे फोटो दाखवले. वर्षातून दोनदा छाटणी करतो, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, हे त्यांना पटेना. तासाभराचं ठरलं होतं, दुपार गेली. काही विकायचा आग्रह नाही.

नव्या जाहिरातीत आगाऊ रक्कम भरलेल्यांनी आजच व्हॉट्सॲपवर लेखी मागा: प्रत्येक शातोचं पूर्ण नाव आणि ठरलेली वेळ, रेस्तराँचं नाव, हॉटेलचा पत्ता, तिकडच्या एजन्सीचा नोंदणी क्रमांक, टीसीएसची पावती. शातोंना स्वतः मेल करून बुकिंग आहे का विचारा, ते उत्तर देतात. उरलेला हप्ता तोवर देऊ नका, रोख तर नकोच. आमच्याबरोबर गेलेल्यांपैकी ज्यांनी अजून तक्रारीवर सही केलेली नाही त्यांनी पत्रक, पावत्या आणि चॅट जपून ठेवा आणि मला फोन करा. आयोगातली पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, आणि मास्तर प्रत्येक तारखेला सिन्नरहून एसटीने येतात.