कानातली धडधड: आवाजाने झाकायची की मुळाशी जायचं?

रात्री उशीला कान टेकला की आतून धप्-धप् सुरू होतं. मनगटावर बोट ठेवून पाहा. नाडीशी ताल जुळला, तर हा नेहमीच्या कर्णनादापेक्षा (बाहेर काही नसताना कानात येणाऱ्या आवाजापेक्षा) वेगळा प्रकार.

पंखा किंवा पावसाचा मंद आवाज लावून ठेवला, उशी जरा उंच घेतली, की अनेकांना झोप लागते. आणि झोप ही लहान गोष्ट नाही हो! पण कारण तिथेच राहतं.

तपासण्यांचा मार्ग वेळखाऊ, तरी माझा कौल त्यालाच. कारण या प्रकारात मूळ बरेचदा सापडतं: रक्तक्षय, थायरॉइडची अतिक्रियाशीलता, मानेतली अरुंद झालेली धमनी, डोक्यातला वाढलेला दाब, मेंदूतून रक्त परत नेणारी आकसलेली शीर. ज्या कानात धडधड येते, मानेच्या त्याच बाजूला हलकेच दाबल्यावर आवाज थांबला, तर उगम बहुधा शिरेत असतो (हे दाबून पाहणं डॉक्टरांवरच सोडा). पुढे एमआरआय किंवा सीटी, सोबत रक्तवाहिन्यांचं चित्रण. रक्तक्षय भरून निघाला की धडधड ओसरू शकते. शीर आकसलेली असेल तर काहींना स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) बसवतात.

तोवर पंखा चालू राहू द्या. मात्र धडधड अचानक सुरू झाली आणि जोडीला तीव्र डोकेदुखी किंवा अंधुक दिसणं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.